बाळासोंच्या कैलासवासी टिपा

मेहमुदा शिकलगारला खोटी पाटी सहन होत नसे. मंगळवार पेठेत त्यांच्या बोळाच्या तोंडाशी एक बेकरी होती. तिच्या फळीवर 'ताजे पाव' असं रंगवलेलं, आणि पाव मिळत ते परवाचे. येता-जाता ती बेकरीवाल्याला विचारी, "चाचा, ताजे म्हंजे कुठल्या सालचे?" बेकरीवाला तिच्या आईजवळ तक्रार करी. आई, नजीरा, कपाळाला हात लावून म्हणे, "गणितात एम.एस्सी. केलीस, तोंडाला लगाम घालायचं कुणी शिकवलं नाय का तुला?" मेहमुदा एवढी शिकली तरी बोलणं पेठेचंच राहिलं होतं, रोखठोक आणि वरच्या पट्टीतलं.

आणि अशी ही बाई नोकरीला लागली ती नेमकी खोट्या पाट्यांच्या गोदामात.

उद्यमनगरात चौगुल्यांची फौंड्री होती. नवरा गेल्यावर ती आक्कांनी चालवली, आणि चांगली चालवली. पुढच्या अंगाला ऑइल इंजिनाचे भाग ओतले जात. मागच्या शेडमध्ये त्यांचा मुलगा बाळासो कॉम्प्युटर बनवत असे. हे १९८५ सालचं सांगते आहे, तेव्हा कोल्हापुरात कॉम्प्युटर म्हटलं की लोक चप्पल बाहेर काढून बघायला येत. बाळासोंचं यंत्र म्हणजे लोखंडी कपाट आणि हिरव्या अक्षरांचा पडदा. शिरोळकडच्या साखर कारखान्यांनी ते काट्यावर बसवलं होतं. उसाची गाडी काट्यावर चढली की वजन घ्यायचं, पावती छापायची, हे त्याचं काम. यंत्राच्या पोटातले सगळे प्रोग्रॅम ज्याच्या हुकमात चालतात तो मुख्य प्रोग्रॅम बाळासोंनी स्वतः लिहिला होता आणि त्याला नाव दिलं होतं 'कारभारी'.

यंत्राची स्मृती म्हणजे लग्नघर समजा. खोल्या मोजक्या, पाव्हणे बरेच. वजन घेणारा प्रोग्रॅम आला, द्या त्याला खोली. पावती छापणारा आला, त्याला दुसरी. काम झालं की खोली मोकळी करून घ्यायची आणि पुढच्याला द्यायची. एका खोलीत दोघे घुसले तर मारामारी, खोल्या मोकळ्याच झाल्या नाहीत तर दारात खोळंबा. कारभाऱ्याचं निम्मं काम एवढंच, आणि तेच सगळ्यात किचकट. शेडमध्ये त्या भागाला 'जागा-वाटप' म्हणत. तो मेहमुदाच्या ताब्यात होता.

आता टिपांचं सांगायला हवं. प्रोग्रॅमच्या ओळींशेजारी माणसांसाठी टिपा लिहायची पद्धत असते. ही ओळ काय करते, कशासाठी करते, साध्या भाषेत. यंत्र त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. त्या आपल्यामागून येणाऱ्या माणसासाठी. बाळासोंनी कारभारी लिहिला तेव्हा टिपाही स्वतःच लिहिल्या, इंग्रजी अक्षरांत पण अस्सल कोल्हापुरी मराठीत, आणि प्रत्येकीखाली 'बा. चौ.' अशी सही ठोकली. तेव्हा त्या खऱ्या होत्या. पुढे यंत्र वाढलं, स्मृती वाढली, प्रोग्रॅमच्या ओळी बदलल्या. टिपा मात्र जागच्या हलल्या नाहीत. मालकांनी लिहिलेलं खोडायचं नाही असा शेडमध्ये रिवाजच पडला होता. कोल्हापुरातल्या चांगल्या घरांत तोच असतो. वडीलधाऱ्यांचा शब्द मोडायचा नाही, फक्त त्याप्रमाणे वागायचं नाही.

त्यामुळे एकेका टिपेखाली उतरंड लागली होती. 'शेवटची खोली कारभाऱ्याची. कुणालाही देऊ नये. बा. चौ.' त्याखाली कुणीतरी लिहिलेलं, 'आता देतात.' त्याखाली तिसऱ्याचं, 'सगळ्यांना नाही.' आणि सगळ्यात खाली, 'कृष्णातला विचारा.' कृष्णात हा शेडमधला जुना माणूस, तारा जोडणारा, सोल्डरिंग करणारा. त्याला विचारलं की तो म्हणे, "मला काय विचारता? मेहमुदाला विचारा." खरी गोष्ट अशी की कुठली टीप जिवंत आणि कुठली मेलेली, हे एकट्या मेहमुदाच्या डोक्यात होतं. नवीन माणूस आला की तो टिपा वाचून कामाला लागे, तोंडावर आपटे, आणि महिन्याभरात दुसरी नोकरी शोधे.

त्या वर्षी एप्रिलात मिरजेच्या एका कॉलेजातून मेहमुदाला बोलावणं आलं. गणित शिकवायची जागा. तिला पहिल्यापासून फळाच हवा होता. शेडमधली नोकरी तिनं कॉलेजात जागा निघेपर्यंत म्हणून धरली होती आणि त्या 'निघेपर्यंत'मध्ये बरीच वर्षं गेली होती. जूनमध्ये हजर व्हायचं, आणि येताना आधीच्या मालकाचा 'आमची हरकत नाही' असा कागद आणायचा. कागद नाही तर जागा दुसऱ्याला.

"जा की," बाळासो म्हणाले. "कोण अडवतंय?"

"कागद द्या मग."

"देतो की. फकस्त जागा-वाटप कुणाच्या तरी हाती दे आणि जा."

"कृष्णात हाय. ह्या दोन वर्षांत प्रोग्रॅम लिहायला चांगला शिकलाय."

"कृष्णात तुला विचारल्याबिगर पाणी पीत न्हाय." बाळासो खुर्चीत मागं रेलले. "असं करू. नुसतं वाचून, तुला एक शब्द न विचारता, त्यानं काम करून दाखवलं की त्याच दिवशी कागद. माझा शब्द."

"नुसतं वाचून? मालक, तिथं लिहिलंय ते निम्मं खोटं हाय."

"मी लिहिलंय ते?"

"व्हय."

"खोटं?"

"लिहिलं तवा खरं होतं. मला खोडू द्या, मे संपायच्या आत सगळं नीट करते."

"खोडायचं न्हाय," बाळासो म्हणाले. "तुला काय लिहायचं ते खाली लिही."

पुन्हा खालीच. म्हणजे उतरंडीवर आणखी एक मडकं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कृष्णात तिच्या मागं येऊन उभा राहिला आणि पडद्याकडं बघून डोळे बारीक करू लागला. मेहमुदा एकही टीप खोडत नव्हती. ती फक्त काही टिपांच्या आधी छोटीशी भर घालत होती. 'कै.'

"हे काय चालवलंईस?"

"मालकांचा शब्द खोडायचा न्हाय न्हवं? न्हाय खोडत. पण गेलेल्याला मान तर द्यायला पायजे."

कृष्णातनं वाचलं. 'कै. शेवटची खोली कारभाऱ्याची.' खाली सही, आणि सहीखाली मेहमुदानं घातलेलं, 'निधन १९८२, स्मृती वाढवली तेव्हा.'

"तुमच्यात काय म्हणतात गं, कै.ला?"

"मरहूम. पण ही सगळी मंडळी चौगुल्यांच्या घरातली. त्यांच्या पद्धतीनं झालेलं बरं."

कृष्णातनं स्टूल ओढलं. माणूस एरवी शहाणा, पण थट्टेची चव लागली की त्याला आवर नसे. "ही खालची पण गेली की. मी नुसत्या तारा जोडत होतो तवाच गेली असंल."

"ती न्हाय गेली. निम्मी खरी हाय."

"मग 'अत्यवस्थ' लिही."

तिनं लिहिलं.

दुपारी तिनं सगळं छापून काढलं आणि ती लांबलचक घडीची कागदपट्टी बाळासोंच्या टेबलावर ठेवली. बाळासोंनी पहिली घडी वाचली, दुसरी वाचली, आणि कागद उचलून तडक पुढं फौंड्रीत निघाले. कागदाचं शेपूट शेडमधून, अंगणातून, कोळशाच्या ढिगावरून त्यांच्यामागं फरफटत गेलं. शेपटामागं मेहमुदा, आणि तिच्यामागं कृष्णात, काम नसताना.

आक्का भट्टीपासून लांब, सावलीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. समोर ओतून आलेले भाग. एकेक उचलून हातोडीनं हलकेच ठोकायचा आणि कान द्यायचा. खणखणीत वाजला तर चांगला, बद्द वाजला तर आत चीर. पासष्टी उलटली तरी हे काम त्या दुसऱ्या कुणाला करू देत नसत.

"आक्का, हिनं माझ्या नावाम्होरं कै. लावलंय," बाळासो म्हणाले.

आक्कांनी एक भाग ठोकला. "मेहमुदे, खरं काय?"

"न्हाय आक्का. बघा की. नाव खाली हाय, कै. वर हाय. मी ओळीला लावलंय, माणसाला न्हाय."

"आणि ओळी मेल्यात?"

"कवाच्या. कधी मेल्या ते पण लिहिलंय, घरच्यांना वर्षश्राद्ध घालायला बरं पडंल."

कृष्णात कोळशाच्या ढिगाकडं तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

"बाळ्या, मेल्यात का रं?" आक्कांनी विचारलं.

बाळासोंनी कागद जरा इकडं केला, जरा तिकडं केला. खोटं बोलणारा माणूस नव्हे तो. मानी होता, एवढंच. "आता तसं बघाय गेलं तर... काही काही, व्हय."

"मग घरात कशाला ठेवल्यास? मेलेलं दिवस मावळायच्या आत उचलत्यात. तिला उचलू दे. खांदा द्यायला तू हाईस की." आणि त्यांनी पुढचा भाग घेतला. बद्द वाजला. तो त्यांनी मोडीत फेकला.

असा खोडायचा परवाना मिळाला. पण बाळासोंनी आक्कांचा शब्द अक्षरशः धरला. प्रत्येक टीप काढताना ते शेजारी येऊन बसत आणि तिला निरोप देत. ही पावसाळ्यात लिहिली, तेव्हा शेड गळत होती. ही लिहिली तेव्हा थोरलीचा जन्म झाला. मेहमुदा म्हणे, "मालक, पुढची," आणि मालक पुढची आठवण काढत. मे महिना ऊन ओतत होता. खोडलेल्या जागी तिनं नवं लिहिलं, आज यंत्र जे करतं तेवढंच, एक शब्द जास्त नाही. मग नव्यानं कारभारी तयार करून जुन्याशी ताडून पाहिला. अक्षर न् अक्षर तोच. टिपांनी यंत्रात फरक पडतच नाही, आणि तसा पडला नाही, म्हणजे काम चोख.

"मग एवढा महिना केलंस काय?" बाळासोंनी विचारलं.

"यंत्राला विचाराल तर काय बी न्हाय," ती म्हणाली.

एकाच टिपेवर मात्र गाडं अडलं. 'पाव्हणा गेला की त्याची खोली आपोआप मोकळी होते. कुणी सांगायला लागत न्हाय. बा. चौ.' हिच्यावर बाळासोंचा जीव होता. ही युक्ती त्यांची स्वतःची. एका कारखान्यानं सत्कार केला तेव्हा फेटा बांधून त्यांनी हिच्यावरच भाषण ठोकलं होतं. खरोखर छानच होती ती. कारभारी अधूनमधून फेरी मारायचा, कोण उठून गेलंय बघायचा आणि खोली झाडून मोकळी करायचा. पण पुढं खोल्या वाढल्या, फेरी लांबली, आणि ऐन हंगामात तेवढा वेळ काटा थांबून राहू लागला. बैलगाड्यांची रांग रस्त्यावर गेली. तेव्हा काट्यावर उभं राहून, गाडीवानांच्या शिव्या खात, "काढून टाक ती फेरी," असं बाळासोंनीच फर्मावलं होतं. मेहमुदानं तिथल्या तिथं काढली. त्या दिवसापासून ज्यानं खोली घेतली त्यानंच जाताना परत करायची, असा नियम झाला.

"ही तर मेलेलीच हाय, मालक. तुमच्यादेखत."

"ही जिती हाय."

"काट्यावर तुम्हीच तर..."

"मेहमुदा." बाळासोंचा आवाज खाली आला. खाली आला म्हणजे काम बिघडलं, हे शेडला माहीत होतं. "एवढी एक राहू दे. न्हायतर सगळ्याच जिथल्या तिथं ठेव."

मिरजेला हजर व्हायला थोडेच दिवस उरले होते. तिनं ओठ आवळले आणि ती टीप ठेवली.

परीक्षेचा दिवस उजाडला. काम असं: बैलगाडीची पावती वेगळी आणि ट्रॅक्टरची वेगळी छापायची. कारखाने बंद होते, म्हणून शेडमधल्याच यंत्राला खोटी वजनं देऊन बघायचं. कृष्णातनं फक्त वाचायचं. मेहमुदानं एक शब्दही बोलायचा नाही. बोलली की नापास.

"हिचं तोंड बंद ठेवायचं तर हाताला काम द्या," म्हणून आक्कांनी शेडच्या दारातच विळी आणि पाटीभर कैऱ्या आणून ठेवल्या. लोणचं घालायचं होतं. मेहमुदा विळीवर बसली, आक्का भिंतीला टेकल्या.

कृष्णातनं सकाळी वाचायला घेतलं. वाचताना त्याच्या ओठांची हालचाल होई, मधेच तो मान डोलवी. कुठे अडला नाही, मागं वळून बघितलं नाही. जेवणाआधीच त्याचा प्रोग्रॅम तयार. बाळासोंनी स्वतः खोट्या गाड्या सोडायला सुरुवात केली. बैलगाडी, पावती. ट्रॅक्टर, पावती. बैलगाडी, बैलगाडी, ट्रॅक्टर. कैऱ्यांच्या फोडी एकसारख्या पडत होत्या.

आणि मग यंत्र थांबलं. पडद्यावर अक्षरं आली, जागा नाही.

"बघ," बाळासो म्हणाले. आनंद लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

कृष्णातनं बंद करून पुन्हा सुरू केलं. चाललं, आणि पुन्हा थांबलं. तो परत टिपा चाळू लागला. "मालक, हिला विचारायचं न्हाय, पण तुम्हाला विचारलं तर चालंल न्हवं?"

"विचार की."

"हितं लिहिलंय, खोली आपोआप मोकळी होते. म्हणून मी परत करत बसलो न्हाय. ही ओळ खरी हाय का?"

विळीवर एक कैरी दुभंगली ती पार पलीकडं गेली.

"खरी म्हंजे काय? मी लिहिलीय."

"मग मोकळ्या का होईनात?"

"तुझंच कायतरी चुकलं असंल. ऊठ, मी दाखवतो."

बाळासो बसले. कृष्णातचा प्रोग्रॅम त्यांनी आपल्या हातानं नव्यानं लिहिला, टीप शेजारी ठेवून, तिच्या बरहुकूम. सुरू केला. गाड्या सुटल्या. शेडमध्ये पावत्यांच्या छपाईची खरखर आणि विळीची सपसप, एवढंच.

"अगं पोरी," आक्का हळूच म्हणाल्या, "लोणचं घालायचंय. किसायच्या न्हाईत."

यंत्र थांबलं. जागा नाही.

बाळासोंनी पडद्याकडं बघितलं, मग दाराकडं. "बोल की आता."

मेहमुदानं नाही म्हणून मान हलवली.

"अगं, मीच सांगतोय, बोल."

तिनं कैरीचे हात पदराला पुसले, पिशवीतून मिरजेला न्यायचा कागद काढला, सहीची मोकळी जागा बोटानं दाखवली, आणि कागद मांडीवर ठेवून पुढची कैरी घेतली.

"आक्का, ही दादागिरी झाली."

"तिनं कुठं तोंड उघडलंय?" आक्का म्हणाल्या. "अट तुझी. भोग."

बाळासो परत यंत्राकडं वळले. या वेळी त्यांनी टीप वाचली नाही. तिच्यावर हात ठेवला आणि बाजूच्या ओळी वाचायला लागले, प्रोग्रॅमच्या, यंत्र ज्या खरोखर वाचतं त्या. किती वर्षांनी वाचत होते कोण जाणे. बोट खाली खाली सरकत गेलं आणि एका जागी थांबलं.

"फेरी कुठं हाय?" ते म्हणाले. "ही फेरी कुणी..."

पुढचं त्यांनी गिळलं. मानेवरून हात फिरवला. कृष्णातनं एकदम सोल्डरिंगची तार न्याहाळायला घेतली. आक्कांनी पाटीतली एक कैरी उचलून बोटानं ठोकून बघितली.

"तो काटा," बाळासो स्वतःशीच म्हणाले. "लई शिव्या घातल्या होत्या गाडीवानांनी."

त्यांनी ती टीप खोडली. एकेक अक्षर मागं घेत, सहीसकट. मग दोन बोटांनी नवी लिहिली, 'पाव्हण्यानं जाताना खोली स्वतः परत करायची.' उठले, खुर्ची कृष्णातकडं सरकवली. कृष्णातनं वाचलं, मान डोलवली, आपल्या प्रोग्रॅमात भर घातली आणि गाड्या सोडल्या. बैलगाडी, ट्रॅक्टर, बैलगाडी. चहा झाला, पुढं फौंड्रीतले कामगार घरी निघाले, तरी पावत्या येतच होत्या. मग बाळासोंनीच हात वर केला.

"बास. हिला विचारायचं काय उरलं न्हाय." त्यांनी मेहमुदाच्या मांडीवरचा कागद घेतला, भिंतीवर धरला आणि सही केली. "जा मिरजेला. पोरांना छळ."

कागद हातात पडला, घडी झाली, पिशवीत गेला. तेव्हा कुठं मेहमुदानं तोंड उघडलं.

"मालक, ती नवी ओळ पण निम्मीच खरी हाय. पाव्हणा मधेच..."

"टिपेत घातलंय मी," कृष्णात तिच्याकडं न बघता म्हणाला. "मधेच मेला तर कारभाऱ्यानं खोली ताब्यात घ्यायची. प्रोग्रॅमच्या खालच्याच ओळीत दिसतंय की ते."

मेहमुदा उठून पडद्याजवळ गेली. वाचलं. पुन्हा वाचलं. काना-मात्रेची सुद्धा चूक सापडेना, आणि त्याचा तिला चांगलाच राग आला.